काडतूस चेंबरमध्ये शिरले म्हणजे जुळले असे नव्हे

परवाना हातात पडल्यावर रायफल घ्यायला निघालेल्या माणसाला बहुधा तिच्या ताकदीचे कुतूहल असते. त्याआधी विचारायला हवे ते असे, की नळीच्या मागच्या टोकाचा, काडतूस सामावणारा भाग, म्हणजे चेंबर, नेमक्या कोणत्या काडतुसासाठी कापलेला आहे. निवड कामावरून ठरते: पन्नास मीटरच्या नेमबाजी स्पर्धेला पॉइंट टू टू (.२२) रायफल लागते, तिथे मोठ्या शिकारीची, पुष्कळ ताकदीची .३०-०६ निरुपयोगी आहे. खरा गोंधळ पुढे, काडतुसे घेताना होतो.

घोडा दाबल्यावर काडतुसाच्या बुडाची टोपी पेटते, बारूद जळते आणि .३०-०६ मध्ये वायूचा दाब वातावरणाच्या सुमारे ४,००० पटींपर्यंत चढू शकतो. हा दाब नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उलटत नाही, याचे श्रेय पोलादाइतकेच काडतुसाच्या पितळी पुंगळीलाही, म्हणजे बारूद सामावणाऱ्या नळकांड्यालाही आहे. ती क्षणभर फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूची मागची वाट बंद करते. चेंबर तिच्या मानाने लांब असेल, तर पितळ ताणले जाऊन बुडाजवळ फाटते. गोळी नळीपेक्षा जाड असेल, तर दाब पोलादाच्या सहनशक्तीपलीकडे जाऊ शकतो.

म्हणूनच नुसत्या आकड्यावर विसंबू नये. ७.६२×३९ आणि ७.६२×५१ या दोन्ही काडतुसांच्या नावात ७.६२ आहे, पण एकाची पुंगळी ३९ मिलिमीटर लांब, तर दुसऱ्याची ५१, आणि गोळ्यांचा व्यासही अनुक्रमे सुमारे ७.९२ व ७.८२ मिलिमीटर, म्हणजे वेगळाच. नजरेवर विसंबणे तितकेच फसवे आहे. १९६० च्या दशकात इशापूरच्या कारखान्यात तयार झालेली २ए रायफल थेट थ्री नॉट थ्रीसारखी दिसते, मात्र तिचे चेंबर ७.६२×५१ साठी आहे. या दोन्ही रायफली सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेरच्या. त्याला मिळते ती .३१५. तिचे काडतूस ८×५० मॅनलिखरवर बेतलेले आहे, त्यामुळे तिला नुसते ‘आठ एमएम’ म्हटले की ८×५७ माउझरशी गल्लत होते, आणि त्या काडतुसाचा दाब .३१५ पेक्षा बराच जास्त असतो.

विषय रायफलीचा असला, तरी छर्ऱ्यांच्या बारा बोअर बंदुकीचा एक धोका इथे सांगायलाच हवा. बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद आणि काडतूस बारीक. वीस बोअरचे काडतूस चुकून तिच्यात घातले, तर ते घसरत पुढे जाऊन नळीत अडकते. मागून पाहणाऱ्याला चेंबर रिकामे भासते, आणि मग बारा बोअरचे काडतूस भरून बार काढला की नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात याच कारणाने पडला.

तेव्हा नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का अक्षरशः ताडून पाहावा, आणि बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, सहज बंद होत नसेल तर जोर लावू नये. घोडा दाबूनही बार झाला नाही, तर नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबावे, कारण टोपी उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. रायफल रिकामी करून नळी आरपार मोकळी दिसेपर्यंत दुसरा बार काढू नये.

नागपूरकरांना उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. बारूद जितके तापलेले, तितके ते वेगाने जळते आणि दाब वाढतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या बंद मोटारीत त्याहून पुष्कळ वर. हिवाळ्यात निर्धोक वाटलेले, मुळातच कमाल दाबाच्या काठावर असलेले काडतूस अशा मोटारीतून काढून लगेच वापरले, तर ती मर्यादा ओलांडू शकते. पुंगळी बाहेर काढताना बोल्ट जड जाऊ लागला किंवा टोपी चपटी झालेली दिसली, तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवून रायफल जाणकार कारागिराला दाखवावी.