पायात गोळे येतायत? मग आधी सकाळची गोळी कशी घेता ते सांगा

आमच्या कोथरूडच्या मेडिकलमधल्या नेहमीच्या ग्राहकांसाठी. पिशवीत टाकलंय, रद्दीत टाकायच्या आधी एकदा वाचा.

रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली ओढलं की हमखास कुणीतरी वाकून आत बघतं, दादा तो दुखण्यावरचा स्प्रे द्या ना, चार दिवस झाले पोटरीत गोळा येतोय, झोपूच देत नाही. आम्ही स्प्रे देतो, धंदाच आहे आमचा. पण हल्ली देता देता एक प्रश्न विचारायची सवय लागलीये, थायरॉइडची गोळी चालू आहे का? आणि बऱ्याचदा उत्तर येतं, हो आहे की, पण त्याचा पायाशी काय संबंध?

संबंध आहे. म्हणून हे पत्रक. इथे थायरॉइडची गोळी म्हणजे थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडलं की घेतात ती, थायरॉक्सिनची. आम्ही फार्मासिस्ट आहोत, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस कमी करा वाढवा असलं काही इथे नाहीये, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण गोळी घ्यायची कशी हे सांगणं आमचं काम आहे आणि ते आम्ही नीट करत नव्हतो हे आधी कबूल करतो.

झालं असं की आमच्या एक जुन्या काकू आहेत, दर महिन्याला थायरॉइडची बाटली आणि कॅल्शियमची स्ट्रिप घेऊन जायच्या. आम्ही दोन्ही एकाच पिशवीत टाकून द्यायचो, वर्षभर तरी. काकू काय करायच्या, सकाळी सहाला उठल्या की चहाचं आधण ठेवायचं आणि दोन्ही गोळ्या एकदमच, चहाच्या घोटाबरोबर, म्हणजे एका कामात दोन कामं. रात्री पोटऱ्यात गोळे यायचे म्हणून त्यांनी स्वतःच कॅल्शियम एकाचं दोन केलं. टीएसएच (थायरॉइडची रक्ताची टेस्ट, हॉर्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो आणि जास्त झालं की उतरतो) काही खाली येईना, डॉक्टरांनी गोळी ५० मायक्रोग्रॅमची ७५ केली, मग १००, तरी तेच. एक दिवस आमच्या सौ. काउंटरवर होत्या, त्यांनी सहज विचारलं काकू गोळी कशी घेता हो, आणि काकूंनी अभिमानाने सांगितलं. कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतं, ती रक्तात पूर्ण जातच नाही. म्हणजे काकू जितकं कॅल्शियम वाढवत होत्या तितकी थायरॉइडची गोळी वाया जात होती आणि गोळे यायचं मूळ कारण तसंच राहत होतं.

डॉक्टरांना फोन करून कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर नेलं. दोनेक महिन्यांत गोळे कमी झाले. आणि मग काकू परत आल्या, आता हात थरथरतात, कपबशी वाजते, छातीत धडधडतं! कारण उघड होतं, १०० ची गोळी आता खरोखर अंगी लागत होती आणि तेवढी त्यांना लागतच नव्हती. रिपोर्ट काढला, डॉक्टरांनी डोस खाली आणला, कपबशी गप्प झाली. एकाच बाईमध्ये थायरॉइड कमी पडल्याचा त्रास आणि जास्त झाल्याचा त्रास दोन्ही बघायला मिळाले, त्यात आमच्या न सांगण्याचा वाटा मोठा होता.

आता आत काय होतं ते थोडक्यात. स्नायू आखडायला ताकद लागते हे सगळ्यांना पटतं, पण सैल व्हायलाही ताकद लागते हे कुणाच्या लक्षात येत नाही. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटलं की तो आखडतो आणि ते कॅल्शियम परत आपल्या कोठीत ओढून नेलं की सैल होतो, हे ओढायचं काम करणारे पंप थायरॉइडच्या हॉर्मोनवर अवलंबून असतात. हॉर्मोन कमी पडलं की पंप मंद, स्नायू सुटायला वेळ लावतो. डॉक्टर घोट्यामागे छोटा हातोडा मारतात बघा, अशा माणसाचं पाऊल झटका देतं पण परत येताना रेंगाळतं. म्हणूनच मग सकाळी उठल्यावर अंग जखडल्यासारखं, मांड्या जड, पोटऱ्यात गोळे. स्नायूंना त्रास होतोय का हे दाखवणारी सीपीके नावाची रक्ताची टेस्ट असते, तीही वाढलेली येऊ शकते. आणि हो, हे रक्तातलं पेशीबाहेरचं कॅल्शियम कमी असल्यामुळे होतं असं नाही, त्यामुळे गोळे आले की कॅल्शियम हे समीकरण डोक्यातून काढा.

हॉर्मोन जास्त झालं की उलटं. बोटं बारीक थरथरतात, हात पुढे करून वर कागद ठेवला तर कागदाची कड हलताना दिसते. मांड्यांची आणि खांद्यांची ताकद जाते, पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, पर्वतीच्या पायऱ्या पूर्वी गप्पा मारत चढणारा माणूस मध्येच कठड्याला धरून थांबतो आणि म्हणतो वय झालं. वय नाही झालेलं, टीएसएच बघा.

डोळा लवण्याबद्दल फार जण विचारतात. डावा लवला की शुभ का उजवा हे तुमच्या आजीला विचारा, आमच्याकडे त्याचं औषध नाही. पापणी एकटीच फडफडत असेल, बाकी काही नसेल, तर बहुतेक वेळा जागरण, ताण आणि चहा-कॉफीचे जास्तीचे कप, चारआठ दिवसांत आपोआप जातं. थायरॉइड जास्त असेल तर अंगात कुठेही स्नायू उडू शकतो, पण मग सोबत वजन उतरणं, घाम, धडधड, गरम होणं असं काहीतरी असतंच. आणि स्नायू उडतोय, सोबत तो बारीक होत चाललाय किंवा हातातली वस्तू सुटतेय असं असेल तर स्प्रे-बिस्प्रे सोडा, डॉक्टरांकडे जा.

गोळी घ्यायची कशी

रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. हे ऐकलं की लोकांचा चेहरा पडतो, पुण्यात सकाळचा चहा लांबवा म्हणणं म्हणजे जरा जास्तच मागणं आहे हे आम्हालाही कळतं. ज्यांना जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारा की रात्री झोपताना घेतली तर चालेल का, जेवणानंतर तीनेक तास गेले असतील तर बऱ्याच जणांना ते सोयीचं पडतं. कॅल्शियम, लोहाची गोळी, पित्तावरचं पातळ औषध यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर. सोयाचं दूध किंवा सोयाचे पदार्थ पण त्या वेळेला नकोत. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत बऱ्याचदा लोह आणि कॅल्शियम असतं, ती 'साधी ताकदीची' म्हणून सकाळी सोबत घेऊ नका.

आकडा वाचा. १२.५ आणि १२५ मध्ये एका टिंबाचा फरक दिसतो, डोसमध्ये दहापट आहे. बाटली नेताना आमच्यासमोर जुन्या बाटलीशी ताडून बघा, आम्हाला राग येत नाही. कंपनी मध्येच बदलली, म्हणजे नेहमीची मिळाली नाही म्हणून दुसरी घेतली, तर डॉक्टरांच्या कानावर घाला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. बाटली ओट्यावर गॅसशेजारी नको, बाथरूमच्या कपाटात नको, ऊन आणि ओल दोन्हींनी गोळी खराब होते.

एक दिवस विसरलात तर घाबरू नका, ही गोळी शरीरात बरेच दिवस राहते, साधारण सात दिवसांनी निम्मी होते. त्यामुळेच डोस बदलला की फरक दिसायला सहा आठवडे जातात. दहा दिवसांत येऊन 'काही उपयोग नाही हो' म्हणणाऱ्यांनी हे परत वाचा. आणि रक्त आधी सुधारतं, स्नायू मागून, कधीकधी काही महिने. टीएसएच नॉर्मल आला म्हणजे त्याच रात्रीपासून गोळे बंद असं होत नाही, लोक नेमके तिथेच कंटाळून गोळी सोडतात. 'केमिकल आहे, सवय लागते' म्हणून सोडणारेही आहेत. अहो, हे तुमच्याच शरीरातलं हॉर्मोन आहे, एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये ते पहिल्यांदा शुद्ध करून वेगळं केलं, आता ते कारखान्यात बनतं एवढंच. सवय लागत नाही, कमतरता असते ती भरून निघते.

मध्यरात्री गोळा आला तर

ओरडण्याआधी पाय सरळ करा आणि पायाची बोटं नडगीच्या दिशेने खेचा. हात पोचत नसेल तर टॉवेल तळव्याखालून घालून दोन्ही टोकं ओढा. किंवा उठून उभं राहा, टाच जमिनीला पूर्ण टेकवा आणि भिंतीला हात लावून पुढे झुका. अर्ध्या-एक मिनिटात सुटतो. मग चोळा, गरम पाण्याची पिशवी ठेवा. हेच ताणणं रोज झोपायच्या आधी दोन-तीन मिनिटं केलं तर रात्रीचे गोळे बऱ्याच जणांचे कमी होतात, आणि याला आमच्याकडून काही विकत घ्यावं लागत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्या हल्ली सगळे मागतात, पण मॅग्नेशियम कमीच नसेल तर रात्री पायात येणाऱ्या साध्या गोळ्यांवर त्यांचा फारसा फायदा दिसलेला नाही, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. आणि क्विनाइन, कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं, तिचे दुष्परिणाम गंभीर आहेत, आम्ही देणार नाही.

रविवारी सिंहगड चढून आल्यावर येणारे गोळे हे वेगळं प्रकरण. घाम गेलाय, पाणी आणि मीठ गेलंय, ओआरएस घ्या, झोपा. त्यावरून थायरॉइडची टेस्ट करत बसू नका.

दुसरी औषधं पण बघायला पाहिजेत. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल आणि थायरॉइड कमी असेल तर स्नायू दुखण्याची शक्यता वाढते, म्हणून स्टॅटिन चालू करताना टीएसएच बघितलेला बरा, पण स्वतःहून ती बंद करू नका. लघवी होण्याच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. दम्याच्या पंपाने हात थरथरतो, तो थायरॉइडचा नसतो. अश्वगंधा 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून बिनधास्त घेतात, तिच्याने थायरॉइडचं हॉर्मोन वाढल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा डॉक्टरांना सांगा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट खोटा येतो आणि डोस त्या खोट्या रिपोर्टवर बदलला जातो. व्हिटॅमिन डीचं ६०,००० चं पाकीट आठवड्याला एक असतं, ते शेजारणीचं बघून सहा महिने घ्यायचं नसतं.

टेस्टबद्दल एवढंच, टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास नॉर्मल धरतात, लॅबप्रमाणे थोडं मागेपुढे, गरोदरपणात हिशोब वेगळा. गोळे फार येत असतील तर डॉक्टर सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, व्हिटॅमिन डी, सीपीके सांगू शकतात. त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या असं बहुतेक जण सांगतात, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

इथे वाट बघायची नाही

थायरॉइडचं ऑपरेशन झालंय आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतायत, हात आखडून बोटं चोचीसारखी जुळतायत, तर ते खरोखरच कॅल्शियम उतरल्याचं लक्षण आहे. थायरॉइडला चिकटून चार छोट्या ग्रंथी असतात, ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला तर असं होतं, बहुतेक पहिल्या काही दिवसांतच. सर्जनला लगेच फोन. रात्री असेल तरी.

दुसरं, तरुण पुरुषांमध्ये दिसणारं. थायरॉइड जास्त असतं पण माहीत नसतं, रात्री भरपेट गोडधोड किंवा उपवासाची साबुदाणा खिचडी दोनदा घेऊन झोपतो, नाहीतर दमवणारा व्यायाम करून पडतो, आणि पहाटे पाय उचलतच नाहीत. रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये निघून गेलेलं असतं, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. 'वारं गेलं' म्हणून तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. घरी पोटॅशियमचं औषध पाजू नका.

लघवी कोकाकोलासारखी काळपट आणि अंग प्रचंड दुखतंय, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून गरम झालीये आणि ताणूनही दुखणं जात नाहीये, हे दोन्ही गोळ्याच्या खात्यात टाकू नका. पहिल्यात किडनीला धोका, दुसऱ्यात पायातल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तो पाय चोळू तर अजिबात नका.

पुढच्या वेळी याल तेव्हा घरात चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घेऊन या, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, मुलीने परदेशातून पाठवलेली ताकदीची बाटली, सगळं. दुपारी गर्दी कमी असते, बसून कुठली कधी घ्यायची ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देतो, पैसे नाहीत त्याचे. फक्त स्ट्रिप कापताना नाव आणि तारीख असलेली बाजू फेकून देऊ नका, तेवढं करा.