टूथब्रशची स्वच्छता

वापरलेल्या टूथब्रशवर उरणारे अन्नकण, लाळ व सूक्ष्मजंतू कमीत कमी राहावेत यासाठी घ्यावयाची काळजी. ब्रश निर्जंतुक ठेवणे व्यवहारात शक्य नसते. निरोगी तोंडातही शेकडो जातींच्या जंतूंची कायम वस्ती असल्याने पहिल्याच वापरात तो पुन्हा जंतुयुक्त होतो.

या प्रश्नाचा ब्रशच्या केसांशी निकटचा संबंध आहे. प्राण्यांच्या केसांचा ब्रश प्रथम चीनमध्ये तयार झाला, असे सामान्यतः मानतात. काही अभ्यासक त्याचा उगम थांग राजवटीपर्यंत (६१८–९०७) मागे नेतात. पुष्कळ ग्रंथांत मात्र १४९८ हे साल दिलेले आढळते. हे नेमके साल उगमाचे मानण्यापेक्षा पंधराव्या शतकाच्या अखेरीस असा ब्रश प्रचारात होता, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरेल. त्यासाठी वापरले जाणारे डुकराचे राठ केस ओल धरून ठेवत, लवकर वाळत नसत व त्यांत जंतू टिकून राहत. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश बाजारात आला आणि ही अडचण बरीच कमी झाली. तरीही तंतूंचे झुबके ज्या छिद्रांत बसवलेले असतात, तेथे पेस्टचा पांढरट थर साचतो व ओल सर्वांत उशिरापर्यंत राहते.

जंतू येतात कोठून, याविषयी मतभेद आहेत. शौचकूप फ्लश केल्यावर जंतुयुक्त तुषार हवेत उडतात, हे अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले. तथापि अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात ब्रशवरील जंतू प्रामुख्याने तोंडातीलच आढळले. हे मत अधिक ग्राह्य वाटते; झाकण लावून फ्लश करणे मात्र केव्हाही इष्ट.

ब्रश वाहत्या पाण्याखाली, तंतू अंगठ्याने फाकवून धुवावा, झटकावा व हवेशीर जागी उभा ठेवावा. बंद टोपणात ओल कोंडते, म्हणून ते प्रवासापुरतेच वापरावे. एका पेल्यात अनेक ब्रश असल्यास त्यांची डोकी एकमेकांना लागू देऊ नयेत. दुसऱ्याचा ब्रश कधीही वापरू नये. हिरड्यांतून रक्त येत असल्यास यकृतशोथ-ब (हिपॅटायटिस-बी) सारखे रोग त्यातून पसरू शकतात.

क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाच्या द्रावणाने किंवा अतिनील किरणांनी जंतू घटतात, पण पूर्ण नाहीसे होत नाहीत. निरोगी व्यक्तीस या उपायांची गरज नसते. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. उकळत्या पाण्याने व मायक्रोवेव्हने ब्रश खराब होऊ शकतो. अमेरिकन दंतवैद्यक संघटना तीन ते चार महिन्यांनी ब्रश बदलण्यास सांगते. तंतू फाकल्यास त्याआधीच बदलावा. विजेवर चालणाऱ्या ब्रशचे डोके काढून सांध्यात साचलेला गाळही धुवावा लागतो.