बेन्सन आणि मेडमेनम: फोटो काढणारे आणि फोटो वाचणारे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या ‘फोटो युनिट’ने जर्मनांचे उडते बॉम्ब, म्हणजे वैमानिकाशिवाय उडणारी बॉम्बयंत्रे, शोधून काढले, असे मराठीतही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. पण अशी युनिटे दोन होती आणि त्यांची कामे अगदी वेगळी होती. फोटोग्राफिक रिकॉनिसन्स युनिट, म्हणजे पीआरयू, ऑक्सफर्डशायरमधल्या बेन्सनच्या तळावरून उडत असे. सेंट्रल इंटरप्रिटेशन युनिट, म्हणजे सीआययू, टेम्स नदीकाठच्या मेडमेनमला डेन्सफिल्ड हाउस नावाच्या हवेलीत बसत असे. बेन्सनचे लोक शत्रूच्या प्रदेशाचे फोटो काढून आणत आणि मेडमेनमचे लोक ते वाचत. एकाचे काम टेहळणीचे, दुसऱ्याचे गुप्तवार्तेचे.

पीआरयूची सुरुवात सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकापासून होते. युद्धाआधी तो लॉकहीड विमानात कॅमेरे लपवून, व्यापारी प्रवासी असल्याच्या बहाण्याने जर्मनीवरून उडाला होता. त्याचा सहकारी मॉरिस लाँगबॉटम याने १९३९ च्या ऑगस्टमध्ये एक टिपण लिहिले. टेहळणीसाठी मोठी, संथ, बंदुका बसवलेली विमाने पाठवू नका, असे त्यात म्हटले होते. सगळ्यात वेगवान एक-आसनी विमान घ्या, त्याच्या बंदुका काढा, त्या जागी इंधन आणि कॅमेरे भरा, आणि त्याला इतके उंच पाठवा की कोणी गाठूच शकणार नाही. त्या वेळी हा विचार उलटा वाटला असणार. पण युद्ध सुरू झाल्यावर ब्लेनहाइम ही बॉम्बफेकी विमाने टेहळणीला जात आणि त्यातली बरीच परत येत नसत. लाँगबॉटमचे म्हणणे पटायला फार काळ लागला नाही. कॉटनला दोन स्पिटफायर लढाऊ विमाने मिळाली आणि १८ नोव्हेंबर १९३९ ला लाँगबॉटमने स्वतः फ्रान्समधल्या सेक्लँहून आखेनच्या दिशेने पहिले उड्डाण केले.

१९४० च्या जूनमध्ये कॉटनला हटवून जेफ्री टटलकडे सूत्रे दिली गेली. जुलैत युनिटला पीआरयू हे नाव मिळाले आणि डिसेंबरात ते बेन्सनला आले. या वैमानिकांबद्दल मला मनापासून आदर आहे. ३०,००० फुटांवर कडाक्याची थंडी, विमानात एकटा माणूस, हाताशी एकही बंदूक नाही. मागे धुराची पांढरी रेघ उमटली तर खालच्याला लगेच दिसणार, म्हणून उंची सतत बदलत राहायची. थेट खालचे दिसत नाही म्हणून विमान कलंडवून अंदाज घ्यायचा आणि मग सरळ रेषेत उडत कॅमेरा चालू करायचा.

पण आपण नेमके काय टिपले, हे त्या वैमानिकाला बहुतेक वेळा माहीत नसे. याला अपवाद होते. २१ मे १९४१ ला मायकेल सकलिंगने स्कॉटलंडच्या विकहून निघून नॉर्वेत बर्गनजवळ बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचा फोटो काढला. तिथे मोठ्या नौका आहेत हे त्याला वरूनच दिसले होते. तरी ही बिस्मार्कच, हे फोटो पाहूनच ठरले.

मेडमेनमचे मूळ वेगळे आहे. वेम्ब्लीत एरियल सर्व्हेचे काम करणारी एक खासगी कंपनी होती आणि तिच्याकडे फोटोंवरून नकाशे काढणारे ‘विल्ड’ नावाचे स्विस यंत्र होते. कॉटनने आधी तिचीच मदत घेतली आणि पुढे हवाई मंत्रालयाने ती ताब्यात घेतली. तिथे मायकेल स्पेंडर हा सर्वेक्षक काम करत होता. १९३५ च्या एव्हरेस्ट टेहळणी मोहिमेत मोजणीचे काम त्यानेच केले होते. हिमालयाचे कडे मोजलेला माणूस इथे जर्मन बंदरांचे फोटो मोजत होता. एप्रिल १९४१ मध्ये हे काम मेडमेनमला हलले.

फोटो वाचायचा म्हणजे त्यावर नुसते भिंग धरायचे नाही. सलग काढलेले दोन फोटो साठ टक्के एकमेकांवर येत. ते स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या यंत्राखाली शेजारी ठेवले की इमारती, क्रेन, बुरूज कागदातून वर उठून दिसत. सावलीची लांबी आणि फोटोची वेळ यावरून उंची काढता येई. प्रमाणाचे गणितही साधे होते. ३६ इंच नाभीय अंतराची लेन्स आणि ३०,००० फूट उंची म्हणजे १:१०,०००. या प्रमाणात २० फूट पंखांचे विमान फोटोत अर्ध्या मिलिमीटरहून थोडेच मोठे दिसते. मात्र खरा जोर असे तो तुलनेवर. गेल्या महिन्यात इथे काय होते, आज काय आहे, आणि का?

दोन युनिटांबद्दलच्या गोंधळाचे एक कारण मला इथेच दिसते. वाचनाचे टप्पे तीन होते आणि त्यातला पहिला विमान उतरल्यावर काही तासांत तळावरच उरकला जाई, म्हणजे बेन्सनलाही वाचणारे बसलेले असत. जहाज निघाले का, पूल पडला का, एवढेच ते सांगत. दुसऱ्या टप्प्यात, साधारण दिवसभरात, मेडमेनमचे लोक सगळे फोटो एकत्र जोडून पाहत. तिसरा टप्पा खास विभागांचा होता: विमाने, रडार, कारखाने, जहाजबांधणी.

विमान विभागाची प्रमुख होती कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ. पेनेम्युंदेची गोष्ट तिच्यावाचून पुरी होत नाही. बाल्टिक किनाऱ्यावरच्या या जर्मन शस्त्रचाचणीच्या ठिकाणाचा फोटो १५ मे १९४२ ला स्टीव्हंटन या वैमानिकाने काढला होता. त्यात मातीचे मोठे गोल बांध दिसत होते, पण ते कशाचे हे कोणालाच कळेना आणि फोटो बाजूला पडले. पुरावा हातात होता, फक्त विचारायचा प्रश्न अजून सापडला नव्हता. १९४३ मध्ये जर्मन रॉकेटच्या बातम्या इतर मार्गांनी आल्यावर जूनच्या फोटोंत रॉकेटे ओळखली गेली आणि १७ ऑगस्टच्या रात्री ५९६ बॉम्बफेकी विमानांनी पेनेम्युंदेवर हल्ला केला.

पुढे वैमानिकाशिवाय उडणारे एखादे अगदी लहान यंत्र दिसते का, हे शोधायला बॅबिंग्टन स्मिथला सांगण्यात आले. तिने जुने फोटो पुन्हा काढले आणि त्यात सुमारे २० फूट पंखांचे एक विमान सापडले. उत्तर फ्रान्समध्ये विचित्र उतरणींच्या, म्हणजे तिरक्या रुळांच्या, जागा उभ्या राहत होत्या, त्यांचा याच्याशी संबंध मात्र जुळत नव्हता. २८ नोव्हेंबर १९४३ ला वैमानिक जॉन मेरीफील्डचे मॉस्किटो विमान बर्लिनला निघाले. बर्लिन ढगाखाली होते, म्हणून तो बाल्टिक किनाऱ्याकडे वळला आणि पेनेम्युंदेवरून फोटो घेतले. त्यातल्या एका उतरणीवर तेच छोटे विमान उभे होते. फ्रान्समधल्या जागा हे उडते बॉम्ब सोडण्यासाठी आहेत, हे तिथे कळले. उडत्या बॉम्बचा शोध लागला तो क्षण मी मेडमेनमच्या टेबलावरचा मानतो. मेरीफील्डचे धाडस त्याने कमी होत नाही.

दोन्ही युनिटांमध्ये भिंत होती असेही नाही. फ्रान्सच्या ब्रुनेव्हल किनाऱ्यावर एका घराजवळ रडार असावे, असा संशय उंचावरच्या फोटोतल्या एका ठिपक्यावरून आला होता. मेडमेनमला हे कानावर पडताच बेन्सनचा टोनी हिल स्वतःहून कमी उंचीवरून उडायला गेला. पहिल्यांदा कॅमेरा बिघडला, पण यंत्राचा गोल आकार त्याच्या लक्षात राहिला. ५ डिसेंबर १९४१ ला तो पुन्हा गेला आणि अगदी जवळून फोटो आणले. त्या फोटोंच्या आधारे फेब्रुवारी १९४२ च्या शेवटी छत्रीधारी सैनिक तिथे उतरले आणि वुर्झबर्ग या जर्मन रडारचे भाग उचलून घेऊन आले. हिल त्याच वर्षी एका मोहिमेत मारला गेला.

आपल्याकडे टेहळणीची अशी धुरा १०६ स्क्वाड्रनच्या कॅनबेरा विमानांनी वाहिली. तिथले जगमोहन नाथ १९६२ च्या युद्धाआधी अक्साई चीन आणि तिबेटवरून उडाले. १९६२ आणि १९६५ अशी दोनदा त्यांना महावीरचक्र मिळाले.

ऑक्टोबर १९४२ मध्ये पीआरयू मोडून ५४० ते ५४४ अशी पाच स्क्वाड्रने झाली आणि बेन्सनचे ते नाव संपले. मेडमेनमचे काम युद्धानंतरही नव्या नावांनी आणि नव्या जागी चालूच राहिले. त्या वेळच्या हवाई फोटोंचा मोठा संग्रह आता एडिनबरात आहे. जर्मनीत बांधकामाआधी जमिनीत न फुटलेला बॉम्ब आहे का हे तपासणारे तज्ज्ञ युद्धकाळातले दोस्तांचे हवाई फोटो आजही वाचतात आणि खड्ड्यांच्या रांगेत छिद्राएवढा एखादा काळा ठिपका शोधतात.