‘भाऊ, स्क्रीन फिरूनच नाही राहिली!’

झाकण पूर्ण मागे वळवून टॅबसारखा हातात धरता येणारा लॅपटॉप आता घाटंजी-आर्णीकडच्या गावांतही दिसतो. शाळेत गुरुजी तो मुलांच्या हाती देतात. सेवा केंद्रात पीकविम्याचा अर्ज भरून झाला की तोच उलटवून शेतकऱ्यापुढे वाचायला धरतात. मग कधीतरी लॅपटॉप उभा धरला तरी अक्षरं आडवीच राहतात आणि निदान तयार असतं : ‘उन्हानं सेन्सर गेला असन.’ दुरुस्तीसाठी यवतमाळ गाठायचं तर दिवस मोडतो, भाडं वेगळंच. म्हणून निघण्याआधी हा सेन्सर काम कसं करतो ते समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक वेळा तो धडधाकट असतो.

त्याचं नाव ॲक्सेलरोमीटर. चिपच्या आत सिलिकॉनचा अतिसूक्ष्म ठोकळा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गुरुत्वाकर्षणाने तो किंचित सरकला की त्याच्या आणि शेजारच्या स्थिर पट्ट्यांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युत धारिता (वीज साठवण्याची क्षमता) बदलते आणि चिप तो बदल मोजते. लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही दिशांना हे मोजमाप चालू असतं. ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हा गुरुत्वाचा ओढा कोणत्या दिशेला किती आला, त्यावरून लॅपटॉप ‘खाली’ कुठे ते ठरवतो. गवंड्याचा ओळंबाच हा, फक्त डोळ्यांना न दिसणारा.

ओळंब्याची मर्यादाही त्याला आहे. लॅपटॉप सतरंजीवर किंवा बाकावर सपाट ठेवला की सगळा ओढा स्क्रीनच्या जाडीच्या दिशेने जातो. मग तो जागच्या जागी कितीही गोल फिरवा, सेन्सरच्या आकड्यांत फरक पडत नाही. मुलं भोवती बसली आहेत, मधोमध लॅपटॉप पसरलेला आहे आणि चित्र फिरत नाही, यात बिघाड काहीच नाही. तो उचलून तिरपा धरा.

पुढचा प्रश्न असा, की आपल्याला मागे दुमडलं आहे हे लॅपटॉपला कळलं का? काही मॉडेलांत एका भागात चुंबक आणि दुसऱ्यात त्याचं क्षेत्र ओळखणारा सेन्सर असतो. वीज वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आला की तिच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज तयार होतं, हा भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम इथे कामाला येतो. काहींत दोन ॲक्सेलरोमीटर असतात, एक स्क्रीनमागे आणि एक कीबोर्डखाली. दोघांच्या आकड्यांतून बिजागरीचा कोन निघतो. साध्या लॅपटॉपसारखा उघडलेला असताना विंडोज बऱ्याच मॉडेलांत मुद्दाम स्क्रीन स्थिर ठेवतं आणि ‘रोटेशन लॉक’चं, म्हणजे स्क्रीनचं फिरणं रोखण्याचं, बटण फिकट दिसतं. ते पाहून लोक घाबरतात, पण झाकण मागे नेलं की बटण जागं होतं. प्रोजेक्टर जोडलेला असेल तर आधी काढा. चुंबकाच्या बक्कलाचं कव्हरही दूर ठेवा, तेही या सेन्सरला चकवतं. दुमडल्यावर कीबोर्डची बटणं दाबून पाहा. अक्षरं उमटत असतील तर दुमडल्याची खबर आत पोहोचलेलीच नाही.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने जाऊन रोटेशन लॉक बंद आहे ना ते बघा. तिथेच ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’मध्ये हाताने ‘पोर्ट्रेट’ निवडा. चित्र उभं झालं तर स्क्रीन आणि ग्राफिक्स ठणठणीत आहेत. दोष सेन्सरकडून येणाऱ्या माहितीत आहे.

माझा पहिला संशय ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला सेन्सरशी बोलायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर असतो. लॅपटॉप हळू चालतो म्हणून तालुक्याच्या दुकानात नवं विंडोज टाकून घेतलं जातं. स्क्रीन, कीबोर्ड, वायफाय सगळं चालू होतं. सेन्सरचा ड्रायव्हर मात्र अनेकदा राहून जातो आणि दुमडून पाहीपर्यंत ते कोणाच्या लक्षातच येत नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या भागांची विंडोजमधली यादी, उघडा. ‘सेन्सर्स’ हा मथळाच नसेल किंवा कुठे पिवळं उद्गारचिन्ह असेल, तर लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक बघून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही हे काम होतं. फुकट ड्रायव्हर देऊ म्हणणाऱ्या अनोळखी साइट्सच्या वाटेला जाऊ नका, त्यांतून व्हायरस येतात.

त्याआधी एकदा ‘रीस्टार्ट’ करून बघा. ‘शट डाउन’ पुरेसं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ ही लॅपटॉप लवकर सुरू करण्याची विंडोजची सोय चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज ड्रायव्हरची अवस्था साठवून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. अडकलेला ड्रायव्हर असा कितीतरी दिवस अडकलेलाच राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

आता उन्हाचं. अशा चिप साधारणपणे उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना ४५ च्या वर गेला तरी तो त्या मर्यादेत बसतो. उन्हाचा खरा मार बॅटरीला बसतो. बंद गाडीत किंवा टिनाच्या शेडखाली लॅपटॉप ठेवू नका. खालचा भाग फुगलेला दिसला, टचपॅड दबेनासा झाला, तर चार्जर काढून लॅपटॉप लगेच बंद करा. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. तेव्हा मात्र दुरुस्तीला जायला उशीर लावू नका, वाटेत तो उन्हात राहणार नाही एवढं बघा.

दुकान गाठण्याचं आणखी एक कारण म्हणजे बिजागरीतून जाणारी वायर. स्क्रीनमागच्या सेन्सरची जोडणी तिथूनच येते आणि रोजच्या दुमडण्याने झिजते. झाकण एका कोनात असताना चित्र फिरतं आणि थोडं हलवलं की थांबतं, असं होत असेल तर दुकानदाराला नेमकं तेच सांगा आणि करूनही दाखवा. म्हणजे सेन्सर बदलण्याआधी तो वायर तपासेल. तोवर डिस्प्ले ओरिएंटेशनमधून हाताने फिरवून काम चालतं.