नोटोरियस हा शब्द कुणाच्या संगतीने बिघडला?

इन्फेमस म्हणजे फेमस नसलेला, असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण 'इन' लागलं की अर्थ उलटा हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. पण इन्फेमस माणूस सगळ्यांना माहीत असतोच, फक्त वाईट कारणाने. आणि हा शब्द मुळातूनच वाईट आहे बरं का. रोमन कायद्यात 'इन्फामिया' हा बदनामीचा अधिकृत शिक्का होता, नट, ग्लॅडिएटर वगैरे मंडळींवर तो असायचा आणि तो बसला की काही कायदेशीर हक्कसुद्धा जायचे. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर ८ डिसेंबर १९४१ ला अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टने जे भाषण केलं त्याच्या मसुद्यात आधी हा दिवस 'जगाच्या इतिहासात' राहील असं होतं, ते त्याने स्वतः खोडून 'इन्फमी', म्हणजे बदनामी, लिहिलं. तेवढ्याने मिळमिळीत वाक्याला धार आली.

नोटोरियस म्हणजे कुख्यात, पण त्याची गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त मजेशीर. लॅटिन 'नोटस' म्हणजे नुसतं 'माहीत असलेला', सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हाही 'सगळ्यांना ठाऊक' एवढाच साधा अर्थ होता. मग तो चोर, पापी, खोटारडे असल्यांच्याच आधी लागत गेला आणि हळूहळू काळा पडला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! भाषाविज्ञानात याला अर्थापकर्ष म्हणतात. शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा असं फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये म्हणून ठेवलंय, पुढे १९८० च्या दशकात बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअरच्या टीमने ढीगभर मजकूर कॉम्प्युटरवर घालून हे सोबती शोधले, तर 'सेट इन' (सुरू होऊन ठाण मांडणं) सारख्या साध्या क्रियापदाबरोबरही कुजणं, निराशा असलंच काहीतरी सारखं यायला लागलं.

आता रेप्युटेड. आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातीत 'रेप्युटेड कंपनी' म्हणजे नावाजलेली. पण अमेरिकन पेपरात 'रेप्युटेड मॉबस्टर' छापतात तेव्हा हा माफियातला आहे असं लोक मानतात, कोर्टात अजून सिद्ध झालेलं नाही, असा सावध अर्थ असतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच 'हिशोब करणं, मानणं' असा आहे, त्यामुळे तिकडच्या माणसाला रेप्युटेड डॉक्टर म्हटलं तर तो म्हणेल, म्हणजे डिग्री आहे की नाही? तिथे रेप्युटेबल लिहावं, पुण्या-मुंबईत रेप्युटेड बिनधास्त चालतं.