समनामी व्यक्ती (इंग्लंडचा वंशेतिहास)

समनामी व्यक्ती : एकाच परिसरात, एकाच काळात वावरलेल्या एकाच नावाच्या दोन किंवा अधिक व्यक्ती. जुन्या कागदांतली कोणती नोंद यांपैकी कोणाची, हे ठरवणे हा इंग्लंडच्या वंशेतिहासातला सर्वांत किचकट भाग होय. मराठी नावात वडिलांचे नाव मध्येच बसलेले असते, त्यामुळे आपल्याकडे निम्मा घोळ तिथेच मिटतो (आजोबांचे नाव नातवाला ठेवून आपण त्यातला थोडा परत आणतो, ते वेगळे). इंग्लंडमध्ये ती सोय नव्हती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सामान्य माणसाला मधले नावच नसे. नाव आणि आडनाव, संपले.

त्यात नावेही मोजकीच. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर जुनी सॅक्सन नावे मागे पडली आणि जॉन, विल्यम, थॉमस, रॉबर्ट, रिचर्ड यांचा सुकाळ झाला. साधारण १४०० पर्यंत बहुतेक घराण्यांत आडनाव पिढीजात झाले होते. बाळाला धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची हमी घेणाऱ्यांचे) नाव देण्याची चाल होती, आणि मूल दगावले तर पुढच्या मुलाला तेच नाव पुन्हा ठेवीत. भावंडे जिवंत असतानाही दोघांचे नाव एकच असल्याची उदाहरणे सापडतात. तीन भावांनी आपापल्या थोरल्या मुलाचे नाव आजोबांवरून ठेवले, की वीस वर्षांनी त्याच गावात लग्नाच्या वयाचे तीन विल्यम तयार.

पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावांच्या, नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या या नोंदी सुरुवातीला फार त्रोटक असत. दफनाच्या नोंदीत वयही बहुधा नसे, त्यामुळे गेला तो बाप की मुलगा हे कळत नाही. १७५४ मध्ये अमलात आलेल्या विवाह कायद्याने वधूवर आणि साक्षीदार यांच्या सह्या किंवा सहीऐवजी काढलेली फुली बंधनकारक केली. दोन लग्नांतल्या दोन जॉनच्या सह्या शेजारी ठेवून पाहता येतात, ते या कायद्यामुळे. १८१३ पासून छापील नमुने आले; त्यांत बाप्तिस्म्यापुढे बापाचा धंदा आणि दफनापुढे वय लिहावे लागे. १ जुलै १८३७ रोजी सरकारी नोंदणी सुरू झाली आणि लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही पक्षांच्या वडिलांची नावे व धंदे येऊ लागले. १८४१ च्या जनगणनेत मात्र पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिण्याची सूचना होती आणि घरातले नाते लिहिलेले नव्हते. ही उणीव १८५१ मध्ये भरून निघाली.

शब्दही फसवतात. जुन्या नोंदीतले ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ हे बापलेकच असतील असे नाही. एकाच गावातले, नात्याने लांबचे किंवा मुळीच नातेवाईक नसलेले दोन समनामी ओळखू यावेत म्हणून पाद्री तसे लिही. थोरला वारला की धाकटा आपोआप थोरला होई. आज जावई या अर्थी वापरला जाणारा इंग्रजी शब्द तेव्हा सावत्र मुलालाही लावीत.

या घोळाचे सर्वांना ओळखीचे उदाहरण म्हणजे स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील जॉन शेक्सपिअर. नाटककार विल्यमचे वडील जॉन हे हातमोजे शिवणारे कारागीर होते. १५६८ मध्ये ते नगराचे बेलिफ, म्हणजे प्रमुख, झाले. त्याच गावच्या वहीत २५ नोव्हेंबर १५८४ रोजी जॉन शेक्सपिअरचे मार्जरी रॉबर्ट्सशी लग्न लागते, १५८७ मध्ये मार्जरीचे दफन होते आणि १५८९ ते १५९१ या काळात जॉनच्या अर्सुला, हम्फ्री व फिलिप या मुलांचे बाप्तिस्मे होतात. निकोलस रो यांनी १७०९ मध्ये लिहिलेल्या चरित्रात नाटककाराच्या वडिलांना दहा मुले असल्याचे म्हटले आहे. ती आठ होती. रो यांचा आकडा फुगला तो बहुधा या नोंदी एकत्र गेल्यामुळेच.

उलगडा नावातून झालाच नाही, तो नावाच्या आजूबाजूला होता. नाटककाराची आई मेरी आर्डन १६०८ पर्यंत हयात होती, तेव्हा तिच्या नवऱ्याने १५८४ मध्ये चर्चमध्ये दुसरे लग्न लावणे शक्य नव्हते. दुसरे असे की, बेलिफ झाल्यानंतर मोजेवाल्या जॉनच्या नावापुढे वहीत मानाचे ‘मास्टर’ लागलेले दिसते. अर्सुलाच्या बापापुढे ते नाही. तो जॉन जोडे शिवणारा होता. मोजेवाल्या जॉनच्या घरात मात्र जोन नावाच्या दोन मुली आहेत, एक १५५८ ची, दुसरी १५६९ ची, आणि या दोन्ही नोंदी खऱ्या आहेत : पहिली लहानपणी वारली असावी, कारण तिचेच नाव धाकटीला मिळाले.

याच घराण्यात उलट प्रकारही घडला आहे. २७ नोव्हेंबर १५८२ रोजी वूस्टरच्या बिशपच्या वहीत विल्यमच्या लग्नाच्या परवान्यापुढे ‘टेम्पल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली’ असे लिहिले आहे. दुसऱ्याच दिवशीच्या हमीपत्रात वधू स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे आहे. यावरून काहींनी विल्यमची दुसरी प्रेयसी रंगवली. २७ तारखेलाच कारकुनाने व्हेटली नावाच्या माणसाच्या एका दाव्याचीही नोंद केली होती, हे पाहिले की प्रेयसीपेक्षा लेखणी घसरल्याचाच संशय अधिक येतो.

म्हणून शोधणारा माणूस एका जॉनच्या मागे न लागता परिसरातल्या सगळ्या जॉनची यादी करतो आणि एकेकाला वगळत जातो. ज्याचे दफन बालपणीच सापडले, तो बाद. ज्याचे लग्न शेजारच्या पॅरिशमध्ये लागून तिथेच मुले झाली, तोही बाद. मृत्युपत्रे इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांत मुली, जावई, नातवंडे नावानिशी येतात. गरिबांसाठी १६६२ च्या वास्तव्याच्या कायद्याने निर्माण झालेले चौकशीचे कागद असतात : मदत कोणत्या पॅरिशने द्यायची हे ठरवताना माणसाला जन्म, नोकरी, लग्न सगळे सांगावे लागे. केंब्रिजच्या संशोधकांनी हीच पद्धत डेव्हनमधील कोलिटन या गावाच्या नोंदींना लावून एकेक कुटुंब पुन्हा जुळवले, ई. ए. रिग्ली यांनी त्यावरील निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध केले.

एका आडनावाचे जगभरचे सगळे लोक गोळा करण्याचाही प्रकार आहे. त्यासाठीची संस्था १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झाली. आपल्या कुलवृत्तांतांशी हे काम मिळतेजुळते दिसते. फरक असा की कुलवृत्तांत मूळ पुरुष धरून चालतो, इथे तो होता की नाही हाच प्रश्न असतो. लेस्टर विद्यापीठात ट्यूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या पुरुषांची, बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्रे तपासली. दुर्मीळ आडनावांत समान पूर्वज वारंवार दिसला. स्मिथांमध्ये मात्र आडनावापलीकडे फारसे काही सामाईक निघाले नाही. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते.

यादीतला एखादा विल्यम इंग्लंडातल्या कोणत्याच दफनवहीत सापडत नाही, तेव्हा समुद्रापलीकडे पाहावे लागते. मुंबई इलाख्यातील युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्ने व दफने यांच्या १७०९ पासूनच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवलेल्या असून त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मात्र तिथेही विल्यम एकटाच सापडेल अशी खात्री नसते.