थकव्याचे माप मराठीत घेताना

रक्तदाबाला यंत्र आहे, हिमोग्लोबिनला रक्ताचा थेंब पुरतो. थकवा मात्र रुग्णाला विचारल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फटीग सिव्हिरिटी स्केल’मध्ये ९ विधाने असून प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे असतात. १९९७ च्या ‘फॅसिट-फटीग’मध्ये १३ विधाने आहेत, गेल्या सात दिवसांचा अनुभव ० ते ४ मध्ये सांगायचा असतो, आणि ५२ पैकी जितके गुण जास्त तितका थकवा कमी. दोन्ही मूळ इंग्रजीत आहेत. त्या मराठी रुग्णापुढे ठेवायच्या तर अनुवाद लागतोच, पण अनुवाद बरोबर असला म्हणजे माप बरोबर आले, असे होत नाही.

रूढ पद्धत अशी, की दोघांनी स्वतंत्रपणे अनुवाद करायचा, दोन्हींचा मेळ घालायचा, मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा आणि तज्ज्ञांनी ताडून पाहायचा. असे परत इंग्रजीत आणणे म्हणजे ‘उलट अनुवाद’. त्यावर लोक फार विसंबतात, असे माझे मत आहे. ‘फॅसिट’च्या एका विधानात ‘वॉश्ड आउट’ हा शब्दप्रयोग येतो. त्याचे ‘धुऊन निघाल्यासारखे वाटते’ असे केले, तर उलट अनुवादात तो हुबेहूब परत मिळेल आणि समितीही समाधानी होईल. रुग्णाला मात्र पावसात भिजल्याची आठवण होईल. ‘गळून गेल्यासारखे वाटते’ असे लिहिले तर मूळ शब्द परत मिळणार नाहीत, पण अर्थ नेमका पोचेल.

म्हणून खरी परीक्षा रुग्णापुढेच होते. साधारण ३० ते ४० जणांना विधाने दाखवून ‘यातून तुम्हाला काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारले जाते. ‘मला पटकन दम लागतो’ हे विधान थकव्याचे म्हणून घातलेले असावे आणि जिना चढताना छाती कशी भरून येते हे एखाद्या आजींनी सांगू लागावे, असे सहज घडते, कारण दमणे वेगळे आणि दम लागणे, म्हणजे धाप लागणे, वेगळे. ‘मी दमतो’ लिहिले की बायका वगळल्या जातात, म्हणून ‘मला थकवा येतो’ अशी रचना सोयीची. उत्तरांतही खाचखळगे आहेत: ‘थोडेसे’ आणि ‘काहीसे’ यांतले अधिक कोणते, हे मराठी माणसाला ठामपणे सांगता येईलच असे नाही.

यानंतर आकडेमोड. विधाने एकाच गोष्टीविषयी बोलतात का, हे ‘क्रॉनबाखचा अल्फा’ या, उत्तरे आपसांत किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्यावरून पाहतात; तो ०.७० च्या वर असावा, पण ०.९५ च्याही वर गेला तर आनंदण्याऐवजी एकच प्रश्न शब्द बदलून विचारला आहे का, ते तपासावे. सुमारे दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेऊन उत्तरे जुळतात का, हेही पाहतात. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचा थकवा मात्र तेवढ्या काळात स्वतःच बदलतो, तेव्हा प्रकृती स्थिर असलेलेच रुग्ण यासाठी निवडावे लागतात. शेवटी माप थकव्याचेच आहे ना, हा प्रश्न उरतो. मूळ ‘फॅसिट’च्या अभ्यासात हिमोग्लोबिन कमी असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांचे गुण वेगळे आले होते, मराठी आवृत्तीतही तसा फरक दिसायला हवा. नैराश्याच्या प्रश्नावलीशी तिचे नाते असावे, पण बेताचे. ‘कशातच मन लागत नाही’सारखी वाक्ये शिरली की ते नाते घट्ट होते आणि आपण थकव्याऐवजी उदासी मोजू लागतो.

एक गोष्ट मात्र आकड्यांतून सुटते. वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न बहुधा सोबत आलेले माणूस वाचून दाखवते. ‘मला नेहमीच्या कामांत मदत लागते’ या विधानावर सुनेने विचारल्यावर सासू जे सांगेल, तेच ती परिचारिकेला सांगेल असे नाही. म्हणून प्रश्न कोणी वाचून दाखवले, याची नोंद उत्तराशेजारीच ठेवावी लागते.